अंकोर वाट बघायचं कसं: ऊन, शिल्पपट आणि तीन दिवसांचा बेत

कंबोडियाच्या सहलीच्या तयार पॅकेजांत अंकोरच्या, म्हणजे अंकोर वाट आणि आसपासच्या जुन्या देवळांच्या, वाट्याला बहुतेक वेळा एकच दिवस येतो. पहाटे सूर्योदय, दुपारपर्यंत तीन देवळं, संध्याकाळी टेकडीवरून सूर्यास्त. फोटो भरपूर मिळतात, पण भिंतींवर काय कोरलंय ते बघायला उसंत कोणालाच नसते. खरं तर आपल्यासाठी तेच सगळ्यात मोलाचं. रामायण-महाभारत लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, त्यामुळे इतरांना गाइड जे समजावून सांगतो ते आपण नुसतं बघून ओळखतो. खालचा सगळा बेत म्हणूनच शिल्पपट आणि त्यांवर पडणारं ऊन यांच्या हिशोबाने आखलाय.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात बरा काळ, गर्दीही तेव्हाच. एप्रिलमधलं ऊन विदर्भातल्या माणसालासुद्धा जड जाईल, कारण सोबत दमट हवा असते. मे ते ऑक्टोबर पावसाळा. पण पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, सकाळ मोकळी मिळते आणि खंदक काठोकाठ भरलेले असतात. भिजायची तयारी असेल तर पावसाळा वाईट नाही.

भारतीयांना व्हिसा लागतो. ई-व्हिसा काढायचा तर तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब तसंच दिसणारी, जादा पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. थायलंडमार्गे रस्त्याने जाण्याचा विचार असेल तर सीमा उघडी आहे का याची खात्री केल्याशिवाय काहीही बुक करू नका. 2025 मध्ये दोन्ही देशांत सीमेवर लढाई झाली आणि चौक्या बंद पडल्या.

मुक्काम देवळांजवळच्या सिएम रीप शहरात करायचा. ऑक्टोबर 2023 पासून तिथला नवा विमानतळ सुरू झालाय, तो शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, तेव्हा हॉटेलवाल्याशी गाडीचं आधीच बोलून ठेवा. व्यवहार सर्रास अमेरिकी डॉलरमध्ये होतात. नोटा कोऱ्या लागतात, जराशी फाटलेली नोटही परत करतात. सुटे पैसे मात्र रिएल या तिथल्या चलनात हातात येतात, डॉलरला साधारण 4000 धरा. शाकाहारी मंडळींनी एक सांभाळायचं: नुसत्या भाजीतही फिश सॉस पडतो. ऑर्डर देतानाच बजावून सांगा.

आणखी एक तयारी सुचवतो. जमलं तर आधी वेरूळ बघून घ्या. कैलास लेण्याच्या दक्षिणेकडचं, कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प निवांत बघा. का, ते पुढे येईल.

तिकीट

सगळ्या मुख्य देवळांना एकच पास चालतो. 2017 पासूनचे दर असे आहेत: एका दिवसाचे 37 डॉलर, तीन दिवसांचे 62, सात दिवसांचे 72. तीन दिवसांचा पास घ्या. ते तीन दिवस सलग असायची गरज नाही, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. पासवर तुमचा फोटो असतो आणि प्रत्येक देवळाच्या दाराशी तो तपासतात. अधिकृत काउंटर शहर आणि देवळं यांच्या मध्ये आहे; पास तिथूनच किंवा अधिकृत संकेतस्थळावरून घ्यायचा. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण पासपोर्ट दाखवावा लागतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या दिवशीपासूनचा पास काढला, तर त्याच संध्याकाळी सूर्यास्त बघायला आत सोडतात. नॉम बाखेंग टेकडीवर एका वेळी 300 जणांनाच वर जाऊ देतात आणि रांग लांब असते. मी तर सांगेन, टेकडीचा नाद सोडा आणि अंकोर वाटच्या खंदकाकाठी बसा.

फिरायला दिवसभरासाठी टुकटुक ठरवा. चालकाला आदल्या रात्रीच देवळांचा क्रम सांगून ठेवा, नाहीतर तो नेहमीच्या फेरीने नेतो आणि तुम्ही प्रत्येक देवळात सगळ्या बसगाड्यांबरोबरच पोहोचता.

पहाट

अंकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यवर्मा दुसरा या राजाने ते विष्णूसाठी बांधलं. पश्चिमाभिमुख असल्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून वर येतो. पहाटे शिखरांची काळी आकृती दिसते, कोरीवकाम काही दिसत नाही. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास तो बरोबर मधल्या शिखरावर उगवतो.

दार पाचला उघडतं. सगळे जण देवळासमोरच्या डावीकडच्या तळ्यापाशी दाटीवाटीने उभे राहतात. तुम्हीही राहा, एकदा बघायला हरकत नाही. पण सूर्य वर आला की ही गर्दी नाश्त्याला हॉटेलवर परतते. तुम्ही परतायचं नाही. सोबत केळी आणि बिस्किटं ठेवा आणि तडक आत शिरा. पुढचा तास-दीड तास दालनं जवळजवळ रिकामी असतात.

आत जाताना बाहेरच्या पश्चिम गोपुरात उजवीकडे वळून आठ हातांच्या मूर्तीला भेटा. मूळचा विष्णू, आता अंगावर पिवळं-केशरी वस्त्र, पुढ्यात उदबत्त्या. स्थानिक बौद्ध लोक रोज त्याची पूजा करतात.

शिल्पपट कोणत्या क्रमाने

पहिल्या मजल्याच्या चारही बाजूंच्या ओवऱ्यांतून हे पट आहेत, उंची सुमारे दोन मीटर. आपण एरवी देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतो. इथे देऊळ डाव्या हाताला ठेवून, उलट्या दिशेने फिरायचं. कथा त्याच क्रमाने लागतात. उलट प्रदक्षिणा अंत्यविधीत घालतात, म्हणून हे देऊळ राजाचं समाधिमंदिरही असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

आता उन्हाची अडचण. पूर्वेकडच्या भिंतीवर सकाळी उजेड असतो, पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारी. एकाच फेरीत सगळं उरकायचं म्हटलं तर निम्मे पट अंधारातच बघावे लागतात. म्हणून दोन भाग करा.

सकाळी थेट पूर्वेच्या ओवरीत जा. तिच्या दक्षिण भागात समुद्रमंथन आहे, 49 मीटर लांब. डावीकडे 92 असुर, उजवीकडे 88 देव, मधे विष्णू आणि खाली कूर्म. असुर आणि देव कसे ओळखायचे? असुरांच्या डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण, देवांच्या डोक्यावर निमुळता मुकुट. मग खाली वाकून समुद्र बघा. कडेला मासे आणि मगरी धडधाकट पोहतायत, पण मंदाराजवळ जावं तशी घुसळण वाढते आणि तिथले मासे चक्क तुकडे होऊन पडलेत. दुरून फोटो काढणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. याच ओवरीचा उत्तर भाग सोळाव्या शतकात कोरलाय आणि हात बराच कच्चा आहे. वेळ कमी असेल तर तो खुशाल सोडा.

तिथून दक्षिणेची ओवरी. एका भागात सूर्यवर्म्याचं सैन्य: राजा हत्तीवर आणि त्याच्याभोवती पंधरा छत्र्या. छत्र्या मोजून कोणाचा हुद्दा मोठा ते कळतं. दुसऱ्या भागात 37 स्वर्ग, 32 नरक, अनेक हातांचा यम, आणि हो, चित्रगुप्तसुद्धा. नरकाच्या चित्रांपाशी मुलं सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात.

दुपारी विश्रांती घेऊन साडेतीनच्या सुमारास पुन्हा या आणि पश्चिमेची ओवरी बघा. मधल्या दारातून शिरून उजवीकडे वळलं की कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव. कडेला शिस्तीत चालणारं पायदळ मध्यापर्यंत जाताजाता नुसता गुंता होऊन जातं. डाव्या बाजूला वर शरशय्येवरचे भीष्म शोधा. अर्जुनाच्या रथावरचा सारथी चार हातांचा आहे, त्यामुळे कृष्ण चुकायचा नाही. पुढे कोपऱ्यातल्या अंधाऱ्या दालनात वालीवध आहे, गोवर्धन उचललेला कृष्ण आहे. टॉर्च जवळ असू द्या.

मधल्या दारापासून डावीकडे, उत्तर भागात लंकेची लढाई. राम हनुमानाच्या खांद्यावर उभा, मागे लक्ष्मण आणि बिभीषण. समोर वीस हातांचा रावण सिंहांच्या रथात. वानर राक्षसांना चावतायत, ओरबाडतायत. गुंत्यात दहा डोकी आधी सापडतात, राम नंतर.

सर्वांत वरच्या मजल्याची, म्हणजे बाकानची, चढण फार उभी आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालीच थांबावं. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत आणि बौद्ध उपोसथाच्या (व्रताच्या) दिवशी तो बंद असतो. तो दिवस कधी येतो ते आधी विचारून घ्या.

बायोन आणि ता प्रोम

दुसरा दिवस अंकोर थोमसाठी. जयवर्मा सातवा याने वसवलेली ही राजधानी, बाजू सुमारे तीन किलोमीटरची. दक्षिण दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला 54 देव, दुसऱ्या बाजूला 54 असुर. मंथन इथेही आहेच. आतल्या बायोन या देवळात लोक दगडी चेहऱ्यांसाठी जातात. चेहरे बघाच, पण बाहेरच्या भिंतीला अर्धा तास द्या. तिथे देव नाहीत. बाजार आहे, कोंबड्यांची झुंज आहे, शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी चाललेली होड्यांवरची लढाई आहे. बाजारात बसलेल्या बायका नीट बघा. चौ ताक्वान हा चिनी दूत 1296-97 मध्ये इथे राहिला होता आणि इथला व्यापार बायकाच सांभाळतात असं त्याने लिहून ठेवलंय. चांगल्या गाइडवर पैसे खर्च करायचे तर इथे करा. परवाना बघूनच ठरवा.

झाडांच्या मुळांनी विळखा घातलेलं ता प्रोम हे देऊळ दार उघडताच, साडेसातला गाठा. नंतर मुळांपुढे फोटोसाठी रांग लागते. इथल्या दुरुस्तीत आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने बरीच वर्षं काम केलंय. पडक्या भागात वालुकाश्माच्या मागे जांभा दिसतो. कोकणातल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल.

बान्ते स्राय

तिसऱ्या दिवशी सकाळी इथे. शहरापासून तासाभराचा रस्ता, लांबचं म्हणून टुकटुकवाला जादा पैसे घेतो. सन 967 मध्ये प्रतिष्ठापना झालेलं हे शिवमंदिर राजाने नाही, यज्ञवराह या त्याच्या सल्लागाराने बांधवलं. देऊळ लहान आहे, दगड गुलाबीसर आणि कोरीवकाम इतकं बारीक की लाकडाचा भास व्हावा.

दक्षिणेकडच्या लहान इमारतीच्या पूर्व बाजूला वर बघा: कैलास हलवणारा रावण. वेरूळचा रावण खालच्या अंधारात, पाठमोरा, सगळी ताकद लावून भिडलेला. इथला समोर तोंड करून, आणि वर पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरावर घाबरलेले ऋषी, प्राणी आणि शंकराला बिलगलेली पार्वती. त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला मदनदहन आहे. पश्चिमेच्या गोपुरावर वाली-सुग्रीवाची कुस्ती.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे तिन्ही दिवस घाला. अंकोर वाटच्या वरच्या मजल्यावर त्यावाचून प्रवेश नाही. शिल्पांना हात लावू नका. भेटकार्डं विकणाऱ्या मुलांकडून काही घेऊ नका, त्यांची कमाई सुरू राहिली की शाळा सुटते. आडबाजूच्या देवळांकडे जाताना मळलेली वाट सोडू नका, कारण या देशात युद्धकाळातले सुरुंग अजून निघतात. आणि नॉम कुलेन डोंगराला जायचा बेत असेल तर त्याचं तिकीट वेगळं आहे, 20 डॉलर. अंकोरचा पास तिथे चालत नाही.