कामगार गुन्ह्यात दोषी ठरला, तर दिलेला पगार परत घ्यायचा का? मालकांनी नेमकं काय करायचं

आमच्या कोल्हापूर भागातले शिरोली-गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले (धातू ओतून सुटे भाग बनवणारे कारखानदार), हुपरीचे चांदीवाले, गुजरीतले सराफ, पतसंस्थांचे संचालक, कुणालाही विचारा, हा प्रश्न कधी ना कधी पुढ्यात येतोच. माणूस वर्षानुवर्षं आपल्याकडं पगार घेत होता, आता कोर्टानं दोषी ठरवलंय, मग दिलेला पगार वसूल करायचा का? राग येणं साहजिक आहे. पण माझं मत स्पष्ट आहे, ज्या दिवसाचं काम करून घेतलं त्या दिवसाचा पगार मागायचा नाही, आणि जे खरंच आपलं गेलंय ते मात्र रीतसर वसूल करायचं. दोन्हीची सरमिसळ झाली की मालकच अडकतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे वही घेऊन बसा. हजेरी भरलेल्या दिवसांचा पगार वेगळा लिहा, उचल किती बाकी ते वेगळं, माल किंवा रोकड किती गेली ते वेगळं, आणि सस्पेंड असताना घरबसल्या किती दिलं ते वेगळं.

हजेरीच्या पगाराला हात लावू नका. त्यानं मोल्डिंग केलं, कास्टिंग निघालं, तुम्ही ते विकून पैसे घेतले, मग तो पगार त्याचाच, सुट्टीत गावी जाऊन त्यानं मारामारी केली असली तरी. अहो, कळंबा जेलमध्ये शिक्षा भोगणारे कैदी काम करतात त्यांनासुद्धा मजुरी मिळते, आणि सुप्रीम कोर्टानं १९९८ सालीच सांगितलंय की कैद्याला रास्त मजुरी द्यायची आणि त्यातला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला काढायचा. शिवाय खालच्या कोर्टाचा निकाल म्हणजे शेवट नाही, अपील होतं, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, तिथं तो निर्दोष सुटला तर काय करणार? आणि तो पगार पोरांच्या फीला, घरभाड्याला कधीच गेलेला असतो. शिक्षा त्याला झालीय, बायकापोरांना नाही.

आता खरं नुकसान. चांदी वजनानं दिली आणि कमी आली, कॅशियरनं रोकड दाबली, भंगाराच्या गाडीतून माल बाहेर गेला, असं काही असेल तर दोषी ठरायची वाट बघत बसू नका, लै मालक इथंच फसतात. फौजदारी केस वर्षानुवर्षं चालते आणि दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, ती निघून गेली की हात चोळत बसायचं. स्टॉक रजिस्टर, वजनाची वही, गेटपास, सीसीटीव्हीचं फुटेज आधी ताब्यात घ्या, कारण फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मग त्याला लेखी नोटीस द्या, म्हणणं मांडू द्या. पगारातून नुकसान कापायचं असेल तर ही संधी दिल्याशिवाय कापता येत नाही, नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि सगळ्या कपाती धरून पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हेच आहे. पोलिसांत तक्रार द्या, नोकरानं केलेली चोरी किंवा अपहार याला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि केस चालू असताना सरकारी वकिलांना सांगून ठेवा की शिक्षेसोबत नुकसानभरपाईचा आदेशही मागा.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. त्याची गाडी ओढून आणणं, कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेणं, मार्कशीट ठेवून घेणं, हे करू नका. तुमची बाजू खरी असली तरी तुम्हीच आरोपी व्हाल.

सगळ्यात अवघड भाग घरबसल्या दिलेल्या पगाराचा. ब्रिटनमध्ये बीबीसीचा मोठा न्यूजरीडर ह्यू एडवर्ड्स याला लहान मुलांच्या अश्लील फोटोंच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये अटक झाली, एप्रिल २०२४ मध्ये राजीनामा देईपर्यंत पगार चालूच होता, जुलैमध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि मग बीबीसीनं अटकेनंतरचे साधारण दोन लाख पाउंड परत मागितले. तो या काळात कामावर नव्हता, म्हणून तिथं मागणी मला रास्त वाटते. पण मागणं वेगळं आणि हक्कानं वसूल करणं वेगळं, त्यासाठी आधी लिहून ठेवावं लागतं.

म्हणून नेमणूक पत्रात आत्ताच कलम टाका, नवीन भरतीपासून सुरुवात करा. गंभीर गुन्ह्यात अटक झाली तर कळवणं बंधनकारक, चौकशी होईपर्यंत सस्पेंड करायचा अधिकार, आणि त्या काळात निर्वाह भत्ता किती ते आकड्यात. ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कायद्यानंच पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा आणि पुढं, चौकशी कामगारामुळं लांबली नसेल तर, ७५ टक्के द्यावा लागतो. लहान कारखान्यात पत्रात काहीच लिहिलेलं नसेल तर घरी बसवलेल्या माणसाला पूर्ण पगार देणं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. भत्ता मात्र पोट भरायला असतो, तो परत मागायचं कलम टाकू नका.

पीएफला हात लावता येत नाही, तो विषय सोडूनच द्या. चोरी, अपहार, कामाच्या जागी दंगा यासाठी काढलं असेल तर बोनसचा हक्क जातो. ग्रॅच्युइटी नुकसानीएवढी रोखता येते, आणि नोकरी करतानाच नैतिक अधःपतनाचा (चोरी, फसवणूक असा नीतीला काळिमा फासणारा) गुन्हा केला म्हणून काढलं असेल तर पूर्णसुद्धा, त्यासाठी कोर्टानं दोषी ठरवलंच पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण नोटीस आणि लेखी आदेश हवाच, आणि गुन्ह्याचा कामाशी संबंध नसेल तर ग्रॅच्युइटी द्यायची.

काढून टाकल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्या, उचल आणि कायदेशीर कपात त्यातच दाखवा, पैसे बँकेतूनच पाठवा आणि हिशेबाची एक प्रत त्याच्या घरच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवा, तो जेलमध्ये असला तरी घरच्यांना कळलं पाहिजे काय मिळालं आणि काय कापलं.