हल्ल्यानंतर सरकारवर वाद कसा घालायचा: आमच्या शंभरपानी वहीची पद्धत

८ मे २०२५ ची रात्र. आम्ही सगळे काकांकडे डोंबिवलीला जेवायला जमलो होतो, टीव्हीवर धर्मशाळेची पंजाब-दिल्ली मॅच चालू होती, मध्येच ग्राउंडवरचे लाईट गेले आणि मॅच थांबवली, मग काकांनी न्यूज चॅनेल लावलं आणि पुढचे दोन तास घराचं रणांगण झालं. चॅनेलवर सांगत होते कराची बंदर उद्ध्वस्त झालं, मागे सायरन वाजतोय, काका उभे राहून टाळ्या वाजवतायत, आणि माझा मेव्हणा म्हणाला की आधी मला सांगा हल्ल्याच्या दिवशी पहलगामच्या बैसरन कुरणात आपल्या लोकांजवळ एकही बंदूकधारी जवान का नव्हता. झालं. काका म्हणाले तू देशाच्या बाजूने आहेस की नाही ते बोल, मेव्हणा ताटावरून उठला, काकू म्हणत राहिल्या की आधी दोन घास खाऊन घ्या, पण कुणी ऐकलं नाही, आमटी तशीच गार झाली. सकाळी कळलं की कराचीचं काहीच खरं नव्हतं, पण तोवर दोघांचं बोलणं बंद झालेलं, ते थेट गणपतीत सुरू झालं.

पहलगामला २२ एप्रिलच्या दहशतवादी हल्ल्यात मेलेल्या २६ जणांत महाराष्ट्रातले सहा होते, त्यातले तिघे डोंबिवलीचे. म्हणून आमच्याकडे हा विषय पेपरातला नाही, खालच्या रस्त्यावरचा आहे. वाद होणारच आणि तो व्हायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, फक्त तो असा व्हावा की त्यातून काहीतरी हाती लागेल. त्यासाठी मी एक शंभरपानी वही केली आणि गेले काही महिने ती वापरतोय. ती कशी वापरायची ते लिहितो.

सुरुवातीला हे बघा की भांडण नक्की कुठल्या प्रश्नावर आहे. "सरकारने बरोबर केलं का?" हा एक प्रश्न वाटतो पण त्यात चार आहेत. हल्ला होऊच कसा दिला. त्यानंतर बळ वापरलं ते योग्य होतं का. कायदा आणि तपास नीट झाला का. आणि आपल्याला खरं सांगितलं का. काका दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत होते आणि मेव्हणा पहिला प्रश्न विचारत होता, दोघं एकमेकांशी भांडतच नव्हते मुळात! ७ मेला ऑपरेशन सिंदूरमध्ये सीमेपलीकडे नऊ ठिकाणी हल्ले केले ते योग्य होते, हे एखाद्याला मनापासून वाटू शकतं, आणि त्याच माणसाला पहलगामला सुरक्षेत चूक झाली असंही वाटू शकतं. जम्मू-काश्मीरचे उपराज्यपाल मनोज सिन्हा यांनी स्वतः जुलै २०२५ मध्ये सुरक्षेत चूक झाल्याचं मान्य करून जबाबदारी घेतली, मग मेव्हण्याने मे महिन्यात तेच विचारलं तर तो देशद्रोही कसा काय? तर वहीची चार पानं करा, प्रत्येक प्रश्नाला एक, आणि कुणी बोलायला लागलं की आधी विचारा, काका हे कुठल्या पानावर लिहू? नुसत्या या एका वाक्याने आवाज खाली येतो, मी अनुभव घेतलाय.

मग तारखा. प्रत्येक विधानापुढे तारीख टाका. हल्ल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात जे कळतं त्यातलं बरंच नंतर बदलतं, आणि ते सरकार कुठल्याही पक्षाचं असलं तरी बदलतं. २७ फेब्रुवारी २०१९ ला, म्हणजे बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, बडगामला हवाई दलाचं हेलिकॉप्टर पडलं, हवाई दलाचे सहा जण आणि एक स्थानिक माणूस गेला, त्या सहांत एक नाशिकचा अधिकारी होता. ते आपल्याच मिसाईलने पडलं आणि ती आपली मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. मध्ये लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. २०२५ मध्येही आपली विमानं पडली का यावर मे महिनाभर लोक एकमेकांची उणीदुणी काढत होते, आणि मग ३१ मेला सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) अनिल चौहान यांनी नुकसान झाल्याचं मान्य केलं, आकडा नाही सांगितला. यावरून मी एक नियम केलाय, पहिल्या दोन दिवसांतलं चॅनेलवरचं काहीही वहीत पेनाने लिहायचं नाही, पेन्सिलने लिहायचं. चौथ्या पानावर कराची बंदर पेन्सिलने लिहिलेलं आणि नंतर काट मारलेलं अजून आहे, मुद्दाम खोडलं नाही.

आता "युद्ध चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत" हे वाक्य. हे तुमच्या घरात कुणीतरी म्हणणारच, तेव्हा चिडू नका, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. २६/११ ला टीव्हीवाल्यांनी कमांडो कुठून उतरतायत ते लाईव्ह दाखवलं, आत बसलेल्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना मिळत होत्या, आणि कसाबच्या अपिलाच्या निकालात ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चॅनेल्सना त्यावरून चांगलंच सुनावलं. म्हणजे जवान कुठे आहेत, किती आहेत, कुठून जाणार, हे कारवाई चालू असताना विचारायचंच नाही, विषय संपला. पण निर्णय कोणी घेतला, गाफील कोण राहिलं, हे विचारता येतं, युद्ध चालू असतानासुद्धा. १९६२ ला चीनचं सैन्य आत घुसलेलं असताना ८ नोव्हेंबरला संसद बसली, तेव्हा राज्यसभेत असलेल्या तरुण वाजपेयींनी अधिवेशन बोलवा म्हणून मागणी केली होती, आणि नेहरूंनी दोन्ही सभागृहांत उघड चर्चा होऊ दिली, शिव्याही खाल्ल्या. कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं आणि यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला ते तेव्हाच. आपण ते वाक्य अभिमानाने म्हणतो पण तो सह्याद्री प्रश्न विचारले गेले म्हणून धावला हे विसरतो. अर्थात त्याच युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल आजवर कुठल्याच सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही, काँग्रेसने नाही, भाजपने नाही. हे पण लिहून ठेवा.

आता वहीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, एकच पट्टी. पान मध्ये रेघ मारून दोन भाग करा, डावीकडे जुना प्रसंग उजवीकडे नवा, आणि दोन्हीकडे तोच प्रश्न लावा. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं सांगतो. डावीकडे २००८: मुंबईत १० जण समुद्रातून आले, १६६ माणसं गेली, केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांची खुर्ची गेली, राज्यात गृहमंत्री आर. आर. आबांची गेली, मुख्यमंत्री विलासरावांची गेली. कारवाई अजून चालू होती तेव्हा, २८ नोव्हेंबरला, गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी ट्रायडंटबाहेर येऊन मीडियाशी बोलले आणि केंद्रावर टीका केली, आणि तेव्हा काँग्रेसवाले म्हणत होते की ही राजकारणाची वेळ नाही. उजवीकडे २०२५: काँग्रेस प्रश्न विचारतेय आणि भाजपवाले म्हणतायत की ही राजकारणाची वेळ नाही. राजीनामा कुणाचाच नाही. हे पान काकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग मेव्हण्याला म्हणाले तुझ्या डावीकडच्या भागात तू काय बोलला होतास रे तेव्हा? तो पण गप्प. २००८ ला तो म्हणत होता की विरोधकांनी तोंड बंद ठेवावं, हे आम्हा सगळ्यांना आठवत होतं.

पण राजीनाम्यावर अडकू नका ही माझी कळकळीची विनंती. राजीनामा म्हणजे जबाबदारी असं आपण धरून चालतो, पण आबा वर्षाच्या आत परत गृहमंत्री झाले. त्यामुळे कोण गेलं यापेक्षा काय बदललं ते लिहा. २६/११ नंतर राज्य पोलिसांची कमांडो तुकडी फोर्स वन उभी राहिली, केंद्राच्या कमांडो दलाचं, एनएसजीचं, केंद्र मुंबईत आलं (त्या रात्री दिल्लीहून येईपर्यंत पहाट झाली होती), सागरी पोलिसांना बोटी मिळाल्या. राम प्रधान समिती बसली, तिने पोलिसांच्या तयारीतल्या उणिवा दाखवल्या, आणि तो अहवाल सभागृहात यावा म्हणून विरोधकांना भांडावं लागलं. तर दर वर्षी २६ नोव्हेंबरला मेणबत्त्या लावून झाल्या की हे विचारा, त्या बोटी आज समुद्रात आहेत का धक्क्याला लागल्यात, डिझेल आहे का, माणसं आहेत का. हा प्रश्न तुमच्या आमदाराला विचारता येतो, विधानसभेत मांडायला लावता येतो. भाषणं संपल्यावर टिकतो तो हा प्रश्न.

तिसरं पान, कायदा आणि तपास, हे लोक वाचतच नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जीव इथेच अडकलाय. दहशतवादविरोधी कायद्यांची वंशावळ आधी समजून घ्या. टाडा १९८५ ला काँग्रेसने आणला, गैरवापराच्या तक्रारी इतक्या झाल्या की १९९५ ला संपू दिला. पोटा वाजपेयी सरकारने मार्च २००२ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घेऊन पास केला, मनमोहन सरकारने २००४ ला रद्द केला, आणि त्याच सरकारने २६/११ नंतर तीन-चार आठवड्यांत यूएपीए हा जुना कायदा कडक करून पोटा कायद्यातलं बरंच काही परत आणलं आणि राष्ट्रीय तपास संस्था, एनआयए, पण उभी केली. त्यानंतर २०१९ ला मोदी सरकारने संघटनेसारखं एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवायची सोय केली. यूएपीएत आरोप नुसता सकृतदर्शनी खरा वाटला की कोर्टाला जामीन देता येत नाही, म्हणून माणूस निकालाआधीच वर्षानुवर्षं आत राहतो. आणि २०१२ ला केंद्र दहशतवादविरोधी केंद्र काढायला निघालं तेव्हा राज्यांच्या अधिकारावर घाला म्हणून विरोध करणाऱ्या मुख्यमंत्र्यांत ममता होत्या, नीतीश होते, जयललिता होत्या आणि मोदीही होते. खुर्ची बदलली की वाक्य बदलतं, म्हणून वाक्यापुढे माणसाची त्या वेळची खुर्ची पण लिहा.

आणि मग जुलै २०२५ चे ते दहा दिवस. २१ तारखेला मुंबई हायकोर्टाने ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतल्या सगळ्या बाराही जणांना निर्दोष सोडलं, तपास यंत्रणेला काहीच सिद्ध करता आलं नाही म्हणून. ३१ तारखेला एनआयए कोर्टाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही जणांना निर्दोष सोडलं, पुरावा पुरेसा नाही म्हणून. दोन्ही तपासांची सुरुवात महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाची (एटीएस). ज्यांनी पहिल्या निकालाला हळहळ व्यक्त केली त्यातल्या कित्येकांनी दुसऱ्याला पेढे वाटले, आणि ज्यांनी पहिल्याला न्याय मिळाला म्हटलं त्यातले कित्येक दुसऱ्याला कोर्ट विकलं गेलं म्हणाले. इथे पट्टी लावाच. लोकलच्या निकालावर राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे २४ जुलैला एवढंच ठरलं की तो निकाल दुसऱ्या केसमध्ये आधार म्हणून वापरायचा नाही, सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही. मालेगावच्या निकालावर अपील घेऊन हायकोर्टात गेले ते मेलेल्यांच्या घरचे. लोकलमध्ये १८० हून जास्त माणसं गेली, मालेगावला भिक्कू चौकात सहा. बॉम्ब ठेवले कोणी? १९ वर्षं, १७ वर्षं, आणि दोन्ही घरांना उत्तर नाही. माझा संताप होतो लिहिताना. माहीमला, बोरिवलीला ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला आणि मालेगावच्या त्या आईला आपण कुठल्या पक्षाचे याच्याशी काय घेणंदेणं आहे, दोघांनाही खरा गुन्हेगार पाहिजे.

माहिती कुठून घ्यायची? फॉरवर्ड नको. संसदेत ऑपरेशन सिंदूरवर २८ ते ३० जुलै २०२५ या तीन दिवसांत दोन्ही सभागृहांत लांबलचक चर्चा झाली, संसद टीव्हीवर व्हिडिओ आहेत, भाषणांचा मजकूर संसदेच्या साईटवर मिळतो. क्लिप बघू नका, तुमच्या आवडत्या नेत्याचं एक आणि नावडत्या नेत्याचं एक, अशी दोन भाषणं पूर्ण ऐका, कुकर लावताना, भाजी निवडताना ऐका. मी तसं ऐकलं आणि मला कळलं की कुठला प्रश्न विचारला गेला आणि कुठल्याला उत्तरच आलं नाही, आणि उत्तर न आलेले प्रश्न हेच वहीत लाल पेनाने लिहायचे. कोर्टाचा निकाल असेल तर शेवटची पानं आधी वाचा, आदेश तिथे असतो. आणि परदेशात गेलेल्या खासदारांच्या शिष्टमंडळांसारखी उदाहरणं पण टिपा, एकाचं नेतृत्व सुप्रिया सुळेंकडे होतं, दुसऱ्याचं श्रीकांत शिंदेंकडे, बाहेर एका सुरात बोलले आणि जुलैत सभागृहात समोरासमोर उभे राहिले. दोन्ही करता येतं, त्यांनी करून दाखवलं.

एक पथ्य मात्र कडक पाळा. समोर कुणी असं बसलं असेल ज्याच्या घरचं माणूस गेलंय, सैन्यात, लोकलमध्ये, कुठेही, तर वही बंद. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील, तुम्ही पट्टी काढू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई आहेत, त्यांचा भाऊ २००६ ला लोकलमध्ये गेला, २१ जुलैला त्या जिन्यात भेटल्या, मी काहीतरी कायद्याचं बोलायला गेलो, त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे आता पहिल्यापासून शोधणार का?" मला उत्तर देता आलं नाही. तिसऱ्या पानावर लाल पेनाने सगळ्यात वर तेच वाक्य लिहिलंय.

काकांनी आता स्वतःची वेगळी वही केली आहे. मेव्हण्याशी वाद अजून होतो, परवा रविवारी पण झाला, आवाजही चढला, पण दोघांनी पूर्ण जेवून घेतलं. आणि काकांचा मला महिन्यातून एकदा फोन येतो, "लोकलच्या केसचं सुप्रीम कोर्टात पुढे काय झालं रे, तारीख लागली का?" मी बघून सांगतो, ते लिहून घेतात.