जुन्या व्हिडिओ गेमचा भाव लिलावावरून ठरवताय? या चुका टाळा

चतुर्थीच्या आधी माळा साफ करताना म्हापशातल्या आमच्या शेजारच्या काकींना एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट सापडली: निन्टेंडो ६४ या जुन्या गेम-यंत्राची ‘सुपर मारिओ ६४’. दीर तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, त्यांनी नव्वदच्या दशकात मुलासाठी आणलेली. मुलाने मोबाइलवर भाव पाहिला आणि काकींनी मला हाक मारली. आकडा होता १५ लाख ६० हजार डॉलर.

आकडा खरा आहे. जुलै २०२१ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात या गेमची एक प्रत तेवढ्याला गेली. पण ती प्रत सीलबंद होती, कधीच न उघडलेली, आणि गेमच्या प्रती तपासून दर्जा देणाऱ्या वाटा कंपनीने तिला दहापैकी ९.८ असा दर्जा दिलेला. काकींच्या कॅसेटला खोका नाही, लेबलाचा कोपरा सुटलेला, मागे पेनाने मुलाचं नाव. सुटी कॅसेट, खोक्यासकट संच आणि सीलबंद प्रत, या तिघांचे बाजार वेगळे. एकाचा भाव दुसऱ्याला लावणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सुट्या ‘मारिओ ६४’ तर शंभर डॉलरच्या पुष्कळ आत विकल्या जातात.

दुसरी चूक म्हणजे एकाच विक्रीवर विसंबणं. दोघे हट्टाला पेटले की बोली कुठच्या कुठे जाते. कधी विकणाऱ्याचाच माणूस बोली चढवतो, कधी जिंकणारा पैसेच भरत नाही, आणि आकडा मात्र तसाच दिसत राहतो. शिवाय मोठ्या लिलावगृहांच्या जाहीर किमतीत खरेदीदाराचं कमिशनही धरलेलं असतं. तेवढे पैसे विकणाऱ्याच्या हातात पडत नाहीत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची सीलबंद प्रत फेब्रुवारी २०१९ मध्ये १ लाख १५० डॉलरला गेली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये दुसरी एक प्रत २० लाख डॉलरला. पुढे २०२२ मध्ये वाटावर बाजार फुगवल्याचा आरोप करणारा दावाही अमेरिकेत दाखल झाला. असल्या काळातले भाव आधाराला घेऊ नका.

ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका. ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावा. तिथेही किमतीवर रेघ मारलेली असेल तर सौदा घासाघीस करून झालाय, खरी रक्कम दिसत नाही. आपल्या प्रतीसारख्याच दहा विक्री बघा, वरची-खालची टोकं सोडा, मधला भाव धरा. जहाजावरून आलेली कॅसेट जपानी असू शकते आणि तिचा बाजार वेगळा, तेव्हा लेबलवरची भाषा आधी तपासा.

आणि कृपा करून लेबल ओल्या फडक्याने पुसू नका. आपल्या पावसात कागदाला बुरशी आधीच लागलेली असते, पाण्याने रंगही निघतो. कॅसेट सिलिका जेलची पुडी घालून बंद डब्यात ठेवा.

काकींच्या कॅसेटच्या धातूच्या दातांवर हिरवट थर होता. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो हळूहळू काढला, वाळू दिलं आणि जुना टीव्ही जोडला. या गेममध्ये नोंद ठेवायला बॅटरी लागत नाही. मुलाने शाळेत असताना मिळवलेले एकाहत्तर तारे पडद्यावर तसेच्या तसे आले, आणि काकी तिथेच खाली बसल्या.