पाहुणे पक्षी परत कधी गेले? बेळगाव भागात नोंद कशी ठेवावी

हिवाळी पाहुणा पहिल्यांदा दिसला की सगळेच नोंद करतात. शेवटचा कधी दिसला, हे मात्र क्वचितच कुणी लिहून ठेवतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत नेमकं हेच टिपायचं असतं, आणि त्यासाठी पक्षी निघून गेल्यावरही त्याच जागी जात राहावं लागतं.

जागा घराजवळची घ्या: येळ्ळूरचं शिवार, राकसकोप जलाशयाचा काठ, बेळगावचा किल्ला तलाव. लांबच्या जागी नेमाने जाणं होत नाही. आठवड्यातून एकदा, सूर्योदयानंतर लगेच, दर वेळी 30 मिनिटं. मार्चच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. पुढच्या पंधरवड्यात थवे झपाट्याने पांगतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा जा. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी गेलात तर आकड्यांची तुलनाच होत नाही. 8×42 ची दुर्बीण पुरते. तलावावर पूर्वेच्या काठाला उभं राहा, म्हणजे ऊन पाठीशी येतं. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते, मग थापट्या आणि तलवार बदक लांबून वेगळे काढणं कठीण. घटप्रभेवर धुपदाळला कांड्या करकोचे पाहायचे तर वेळ वेगळी धरा. ते सकाळी शेतात चरतात, उन्हं चढली की पाण्यावर येतात.

सगळ्यात जास्त गफलत भोरड्यांत, म्हणजे गुलाबी मैनांत होते. काटेसावर, पळस, पांगारा फुलला की त्या झाडावर साळुंक्या आणि भोरड्या एकत्रच येतात. साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी असते आणि उडताना पंखात पांढरा पट्टा चमकतो. भोरडीला दोन्ही नसतं. हिवाळ्यात तिचा गुलाबी रंग मळकट दिसतो, कारण पिसांची टोकं तपकिरी असतात. ती झिजत गेली की मार्चमध्ये अंग गुलाबी आणि डोकं काळंभोर होतं. पिल्लं मात्र तपकिरीच असतात, त्यांना वेगळी जात समजू नका. जवळून पाहिलंत तर कपाळावर परागांचा पिवळा थर दिसेल, त्यामुळेही फसगत होते. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा नजरेत ठेवा आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते पाहा. ज्वारीवरचा थवा सतत उठत-बसत असतो, तेव्हा मोबाईलवर फोटो काढून घरी मोजणं बरं.

उसाला पाणी सोडलं असेल तिथे पिवळे धोबी गोळा होतात. मार्चमध्ये त्यांच्या डोक्याचा रंग उजळतो, राखी की काळा ते लिहा, कारण त्यावरून उपजात कळते. मोठा धोबी, म्हणजे पांढऱ्या भुवईचा, इथलाच. त्याला स्थलांतरितांत धरू नका. शेतात शिरायचं तर आधी मालकाला विचारा, उभ्या पिकातून जाऊ नका.

कोकीळ आणि पावशा फेब्रुवारी-मार्चमध्ये ओरडू लागतात. ते कुठून आलेले नसतात, गप्प होते ते बोलू लागलेले असतात. म्हणून ‘आला’ न लिहिता ‘ओरडू लागला’ असं लिहा.

नोंद ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर करा. ‘दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येईल अशीच यादी भरा. पूर्ण यादीत भोरडी नसेल तर ती दिसली नव्हती, हे आपोआप कळतं. आवडीचे पक्षीच भरले तर ही माहिती हातची जाते. एखादा पक्षी दिसायचा थांबला तरी निदान तीन आठवडे फेऱ्या चालू ठेवा, कारण मागून येणारे थवे मधेच उतरतात.

सीमेवर एक काळजी घ्यावी लागते. निपाणीहून कागलकडे किंवा बेळगावहून चंदगडकडे जाताना एकच यादी चालू ठेवली, तर सगळे पक्षी खूण केलेल्या एकाच जिल्ह्याच्या खात्यात जातात. हद्द ओलांडली की पहिली यादी बंद करा, नवी सुरू करा, आणि नकाशावरची खूण तुम्ही खरंच उभे आहात तिथे सरकवा.