संगणकाची प्रणाली बदलल्यावर जुना प्लॉटर पुन्हा चालू करताना

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यानंतर गिरगावातल्या आमच्या छोट्या कार्यालयातले संगणकही विंडोज ११ वर न्यावे लागले. एका सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे काढण्यासाठी प्लॉटरला, म्हणजे रुंद कागदाच्या रोलवर नकाशे छापणाऱ्या यंत्राला, आज्ञा दिली, तेव्हा त्याच्या छोट्या पडद्यावर माहिती येत असल्याची खूण काही क्षण लुकलुकली, रोल हातभर पुढे सरकला, कटर आडवा धावला आणि कोरा कागद खालच्या झोळीत पडला. असे झाले की लोक यंत्र जुने झाले असे धरून ते भंगारात काढायला निघतात. माझे सांगणे एवढेच आहे की बहुतेक वेळा प्लॉटर शाबूत असतो. त्याला कळेल अशी भाषा बोलणारा दुवा, म्हणजे ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम, तेवढा संगणकातून गेलेला असतो.

म्हणून सुरुवात संगणकापासून न करता प्लॉटरपासून करावी. केबल काढून ठेवावी आणि यंत्राच्या स्वतःच्या बटणांवरून चाचणी पान व माहितीपत्रक छापून घ्यावे. ते स्वच्छ उमटले, तर शाई, ती कागदावर सोडणारे हेड आणि कागद ओढणारे रोलर ठीक आहेत. रेघा तुटक आल्या, तर आधी हेड साफ करावेत, कारण त्या दोषाचा प्रणालीशी संबंध नाही. माहितीपत्रक जपून ठेवावे. त्यावर नेटवर्कचा पत्ता, स्मरणशक्ती आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्राला येणाऱ्या भाषा लिहिलेल्या असतात: रेषा रेषेच्याच रूपात सांगणारी एचपीजीएल-२, संपूर्ण पानाचे वर्णन करणारी पोस्टस्क्रिप्ट किंवा केवळ ठिपक्यांची रास्टर भाषा. काही जुन्या प्लॉटरमध्ये एचपीजीएल-२ साठी वेगळे कार्ड बसवावे लागत असे, त्यामुळे मॉडेलच्या नावावरून अंदाज न बांधता पत्रकच वाचावे.

त्यानंतर संगणकातले जुने अवशेष काढावेत. यादीतून प्रिंटर पुसल्याने ड्रायव्हर जात नाही. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ मधल्या ड्रायव्हरांच्या यादीत जाऊन ड्रायव्हर आणि त्याचे पॅकेज असे दोन्ही काढावे लागते, आणि तो वापरात असल्याचा संदेश आला, तर ‘प्रिंट स्पूलर’ ही छपाईची कामे रांगेत लावणारी सेवा बंद करून, अडकलेली कामे पुसून, ती पुन्हा सुरू करावी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाची सोय आली आहे. ती चालू असेल, तर कंपनीचा ड्रायव्हर चालतच नाही, म्हणून जुन्या प्लॉटरसाठी ती बंद असल्याची खात्री आधी करावी. नाहीतर पुढचा सगळा खटाटोप वाया जातो.

आता ड्रायव्हर. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्ती निघालेलीच नाही, त्यामुळे जुन्या सीडीवरचा ३२ बिटांचा ड्रायव्हर निरुपयोगी आहे. उत्पादकाच्या संकेतस्थळावर विंडोज ११ चे नाव नसले तरी विंडोज १० चा ६४ बिटांचा ड्रायव्हर बहुधा चालतो. मात्र संगणकाचा प्रोसेसर एआरएम जातीचा असेल, तर इंटेल-एएमडीसाठी केलेला ड्रायव्हर त्यावर बसणार नाही. ‘सर्व ड्रायव्हर मोफत’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांकडे वळू नये, कारण ड्रायव्हर बसवताना आपण प्रशासकाचे सगळे अधिकार त्या फाइलच्या हाती देत असतो.

ड्रायव्हर मिळालाच नाही, तरी मार्ग खुंटत नाही. प्लॉटरला एचपीजीएल-२ येत असेल आणि नकाशे ऑटोकॅडमध्ये होत असतील, तर विंडोजचा ड्रायव्हर बाजूला ठेवता येतो. ऑटोकॅडच्या ‘प्लॉटर मॅनेजर’ मध्ये एचपीजीएल-२ साठी स्वतःचा ड्रायव्हर असतो. तिथून प्लॉटर जोडला की त्याच्या सर्व नोंदी पीसी३ नावाच्या एका फाइलीत साठतात. रेषा रेषेच्याच रूपात यंत्रापर्यंत जातात, फाइल लहान राहते, आणि उद्या प्रणाली पुन्हा बदलली तरी ही फाइल सोबत नेता येते. माझ्या मते नकाशांच्या कामासाठी हाच मार्ग सर्वांत टिकाऊ आहे. छायाचित्रे आणि रंगीत फलक छापणाऱ्यांना मात्र तो पुरेसा पडणार नाही.

जोडणीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. विंडोज आपणहून शोधून देते तो ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट, म्हणजे प्लॉटरकडे माहिती पाठवण्याची वाट, जुन्या यंत्रांसाठी टाळावा. ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट स्वतः तयार करून, माहितीपत्रकावरचा पत्ता लिहून, ‘रॉ’ पद्धत आणि ९१०० हा क्रमांक ठेवावा. राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू नये म्हणून तो राउटरमध्येच राखून ठेवावा. ज्या प्लॉटरला फक्त पॅरलल पोर्ट आहे, त्यासाठी यूएसबीची रूपांतर केबल घेण्याचा मोह होतो, पण मोठ्या नकाशात मध्येच काम तुटण्याचा अनुभव मला तिच्याबाबतीत आला आहे. यंत्रात नेटवर्क कार्डाची खाच असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात जुने कार्ड शोधावे. खरेदीपूर्वी ते आपल्याच मॉडेलला चालते याची खात्री करावी.

पहिली प्रत निघाली म्हणजे काम झाले असे समजू नये. नवा ड्रायव्हर कागदाचा आकार ए४ धरून बसतो आणि ‘कागदात मावेल असे करा’ हा पर्याय कित्येकदा चालू असतो, त्यामुळे १:१०० चा नकाशा नकळत आक्रसतो. ए१ ची रुंदी ५९४ मिलिमीटर असल्याने तो २४ इंची रोलवर बसतो, तर ८४१ मिलिमीटर रुंदीच्या ए० ला ३६ इंची रोल लागतो. हे आकार ड्रायव्हरमध्ये स्वतः नोंदवावेत. मग ५०० मिलिमीटरच्या दोन रेषा, एक रोलच्या लांबीच्या दिशेने आणि दुसरी आडवी, खऱ्या मापात काढून स्टीलच्या पट्टीने मोजाव्यात. दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी भरल्या, तर दोष मापाच्या सेटिंगमध्ये आहे. फक्त एकच चुकली, तर प्लॉटरमधली कागद सरकवण्याची जुळणी करावी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद ओलावा ओढून रुंदीच्या दिशेने अधिक फुगतो, म्हणून ही मोजणी बंद खोलीत, वातानुकूलन काही वेळ चालवून करावी. बांधकामाच्या नकाशात दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे १:१०० ला जागेवर २० सेंटिमीटर होतात आणि ते कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीतून जातात.

इतके करूनही साधले नाही, तर जुनी प्रणाली असलेला एक संगणक केवळ छपाईसाठी राखून ठेवावा. त्याला इंटरनेट देऊ नये. प्लॉटर थेट त्यालाच जोडावा आणि नवीन संगणकावर प्लॉट फाइल, म्हणजे प्लॉटरच्या भाषेत उतरवलेला नकाशा, तयार करून ती पेनड्राइव्हने तिथे न्यावी. चालू झालेल्या ड्रायव्हरची मूळ फाइल, पीसी३ फाइल आणि माहितीपत्रकाची प्रत एकाच पाकिटात घालून ते प्लॉटरच्या झाकणाखाली चिकटवून ठेवावे.