एनीबस कॉम्पॅक्टकॉम ४० च्या डेव्हलपमेंट किटची मांडणी : वीजपुरवठ्यापासून प्रोफिनेटपर्यंत

ड्राइव्ह, वजनकाटा किंवा तापमान नियंत्रक बनवणाऱ्या उद्योगाकडे ग्राहक आज उपकरणासोबत नेटवर्कचीही मागणी करतो. सीमेन्सचा पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक) असलेल्या लाइनवर बहुधा प्रोफिनेट, रॉकवेलचा असलेल्या लाइनवर इथरनेट/आयपी आणि बेकहॉफच्या यंत्रणेत इथरकॅट लागते. त्यामुळे चाकणच्या किंवा वाळूजच्या एखाद्या लहान उत्पादकाला तीन ग्राहकांसाठी तीन नेटवर्के सांभाळण्याची वेळ येऊ शकते. प्रत्येक नेटवर्कचा सॉफ्टवेअर स्टॅक (त्याचे नियम पाळणारा प्रोग्राम-संच) स्वतः लिहिण्याऐवजी तयार कम्युनिकेशन मॉड्यूल उपकरणात बसवणे हा यावरचा रूढ उपाय आहे. स्वीडनमधील हाल्मस्टाड येथील एचएमएस नेटवर्क्स या कंपनीची एनीबस कॉम्पॅक्टकॉम ४० ही मालिका अशाच मॉड्यूलांची आहे. चिप, ब्रिक (आवरणाशिवायचा लहान बोर्ड) आणि आवरणासह येणारे मॉड्यूल अशा तीन रूपांत ती मिळते. येथे आवरणासह येणारे प्रोफिनेटचे मॉड्यूल, एसटीएम३२ कुटुंबातील होस्ट (म्हणजे आपल्या उपकरणाचा मुख्य) मायक्रोकंट्रोलर आणि त्यांच्यामधील एसपीआय (चिपांमधील एक सिरियल जोडणी) ही जोडणी ही मांडणी गृहीत धरली आहे. किटच्या, म्हणजे मॉड्यूल वापरून पाहण्यासाठीच्या संचाच्या, आवृत्तीनुसार बोर्ड आणि जंपरांच्या (पिना जोडणाऱ्या लहान टोप्यांच्या) जागा बदलतात, परंतु कामाचा क्रम बदलत नाही.

हा क्रम पाळण्याचा मी आग्रह धरतो. आधी वीजपुरवठा, मग होस्ट आणि मॉड्यूल यांच्यातील संवाद, त्यानंतर तयार नमुना प्रोग्रामसह नेटवर्क आणि सर्वांत शेवटी आपला स्वतःचा डेटा. किट हाती येताच पीएलसीला केबल जोडून पाहण्याचा मोह होतो, पण त्या अवस्थेत काही चालले नाही तर दोष वीजपुरवठ्यात आहे, एसपीआयमध्ये आहे, डेटाच्या मांडणीत आहे की पीएलसीच्या प्रोजेक्टमध्ये आहे, हे सांगता येत नाही. एकेक थर सिद्ध करत गेल्यास दोष नेहमी शेवटच्या थरात शोधावा लागतो आणि तो लवकर सापडतो.

वीजपुरवठा आणि बसवणी

मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालते. ते बसवण्यापूर्वी रिकाम्या कनेक्टरवर मल्टीमीटरने हा व्होल्टेज मोजावा आणि मॉड्यूल बसवल्यावर चालू स्थितीत पुन्हा मोजावा, कारण दोन पोर्टांचे इथरनेट मॉड्यूल बऱ्यापैकी विद्युतप्रवाह घेते आणि होस्ट बोर्डावरचा लहान रेग्युलेटर भाराखाली खाली येऊ शकतो. संगणकाच्या यूएसबी पोर्टवरून संपूर्ण संच चालवू नये. स्वतंत्र पुरवठा वापरावा.

मॉड्यूलचा ५० पिनांचा कनेक्टर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डासारखा असला, तरी पिनांची रचना वेगळी आहे, म्हणून त्याचा वापर फक्त त्यासाठी बनवलेल्या बोर्डावरच करावा. पुरवठा पूर्ण बंद करून, हातात स्थिरविद्युतरोधक पट्टा घालून मॉड्यूल सरळ आत सरकवावे आणि पुढचे दोन स्क्रू आवळावेत. हे स्क्रू मॉड्यूलला जागेवर धरून ठेवतात, म्हणून प्रयोगाच्या टेबलावरही ते सैल सोडू नयेत. मॉड्यूलवरील लेबलचे छायाचित्र याच वेळी काढून ठेवावे. त्यावरचा मॅक पत्ता (मॉड्यूलचा कायमचा नेटवर्क क्रमांक) पुढे लागतो.

ऑपरेटिंग मोडच्या पिनांनी होस्टशी कोणत्या मार्गाने बोलायचे हे मॉड्यूलला कळते : समांतर ८ किंवा १६ बिट, एसपीआय, सिरियल किंवा शिफ्ट रजिस्टर. या पिनांची स्थिती मॉड्यूल सुरू होताना वाचली जाते, त्यामुळे जंपर बदलल्यावर रीसेट देणे आवश्यक असते. रीसेट रेषेकडे विशेष लक्ष द्यावे. पुरवठा स्थिर होईपर्यंत ती खालच्या पातळीवर धरलेली असली पाहिजे. होस्टची पिन सुरुवातीला अधांतरी राहत असेल, तर बोर्डावर तिला खालच्या पातळीवर ओढणारा पुल-डाउन रोधक द्यावा. कधी सुरू होणारे आणि कधी न होणारे मॉड्यूल दिसले की सर्वप्रथम ओसिलोस्कोपवर पुरवठा आणि रीसेट हे दोन सिग्नल एकत्र पाहावेत.

होस्टशी संवाद

एचएमएस होस्टसाठी सी भाषेतील ड्रायव्हर आणि नमुना प्रोग्राम देते. किटमधील बोर्डासाठी हा प्रोग्राम बहुतांशी तयार असतो. आपल्या बोर्डावर तो न्यायचा असेल तर हार्डवेअरशी जोडणारी मोजकी फंक्शन्स लिहावी लागतात. रीसेट देणे व काढणे, एसपीआयवर एक फ्रेम (डेटाचे एक पाकीट) एकाच वेळी पाठवणे व घेणे, इंटरप्ट चालू-बंद करणे आणि ड्रायव्हरला ठरावीक मिलिसेकंदांनी वेळ कळवणे ही त्यांतली मुख्य फंक्शन्स. वेळ कळवणारे फंक्शन विसरले तर प्रोग्राम सुरू होतो, पण कालमर्यादा मोजणारे सर्व भाग निष्क्रिय राहतात आणि लक्षणे फसवी दिसतात.

एसपीआयचे घड्याळ २० मेगाहर्ट्झपर्यंत नेता येते, तरी सुरुवात १ मेगाहर्ट्झच्या आसपास करावी. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांचा सीआरसी (चूक ओळखणारा तपासणी-अंक) असतो, त्यामुळे तारांमधील गोंगाटाने बिघडलेली फ्रेम ओळखली जाते आणि पुन्हा पाठवली जाते. ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे सदोष वायरिंगही काही काळ चालल्यासारखे वाटते. म्हणून सीआरसी चुकल्यास वाढणारा एक काउंटर होस्टच्या प्रोग्राममध्ये ठेवावा आणि तो शून्यावर राहतो याची खात्री झाल्यावरच वेग वाढवावा. लॉजिक अॅनलायझर उपलब्ध असल्यास पहिल्या काही फ्रेम नोंदवून ठेवाव्यात. चिप सिलेक्ट (फ्रेमची सुरुवात व शेवट दाखवणारी रेषा) फ्रेमच्या मध्येच वर जात असेल तर ते तेथे लगेच दिसते.

संवाद सुरू झाल्यावर मॉड्यूलची अवस्था पाहावी. रीसेटनंतर ते सेटअप अवस्थेत येते. या काळात होस्टने आपली माहिती आणि प्रक्रिया-डेटाची (पीएलसीशी सतत देवाणघेवाण होणाऱ्या मूल्यांची) मांडणी मॉड्यूलला द्यायची असते. होस्टने सेटअप पूर्ण झाल्याचे कळवले की नेटवर्क इनिशिअलायझेशन, मग पीएलसीची वाट पाहण्याची अवस्था आणि जोडणी झाल्यावर प्रक्रिया सक्रिय ही अवस्था येते. नेटवर्क इनिशिअलायझेशनमध्ये अनेकांचे काम अडते, कारण येथे भूमिका उलटते : मॉड्यूल होस्टला प्रश्न विचारते. उत्पादकाचा क्रमांक काय, उत्पादनाचे नाव काय, अनुक्रमांक काय, असे संदेश येतात. होस्टकडे उत्तर नसले तरी गप्प राहू नये. ती माहिती उपलब्ध नसल्याचा त्रुटी-संदेश परत पाठवावा, म्हणजे मॉड्यूल स्वतःचे मूळ मूल्य घेऊन पुढे जाते. उत्तरच न देणारा होस्ट मॉड्यूलला तेथेच थांबवून ठेवतो. मॉड्यूल एक्सेप्शन अवस्थेत गेले, तर त्याचा कारण-क्रमांक एनीबस ऑब्जेक्टमधून (मॉड्यूलच्या स्वतःविषयीच्या माहितीच्या गटातून) वाचता येतो आणि तो सिरियल टर्मिनलवर छापण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी.

मॉड्यूल पीएलसीची वाट पाहण्याच्या अवस्थेत स्थिर राहिले, म्हणजे हा थर पूर्ण झाला. तोपर्यंत नेटवर्कची केबल जोडण्याची गरज नाही.

संगणक आणि नेटवर्क

प्रयोगासाठी कार्यालयाचे नेटवर्क वापरू नये. संगणकात वेगळे नेटवर्क कार्ड असावे, त्याला स्थिर आयपी पत्ता द्यावा आणि वाय-फाय बंद ठेवावे. मॉड्यूल शोधणारी एचएमएसची आयपीकॉन्फिग ही उपयोजना यूडीपीच्या ३२५० क्रमांकाच्या पोर्टवर प्रसारण-संदेश पाठवते. फायरवॉल हा पोर्ट अडवत असेल तर यादी रिकामी दिसते आणि मॉड्यूल बिघडल्याचा गैरसमज होतो. यादीत दिसणारा मॅक पत्ता लेबलवरच्या पत्त्याशी ताडून पाहावा.

नेटवर्कवरील फ्रेम वायरशार्क या निरीक्षण-प्रोग्राममध्ये पाहायच्या असतील तर मिररिंगची (एका पोर्टवरच्या फ्रेमची नक्कल दुसऱ्यावर देण्याची) सोय असलेला मॅनेज्ड स्विच लागतो. दोन पोर्टांच्या मॉड्यूलमध्ये आत स्विचच असतो, म्हणून एका पोर्टला पीएलसी आणि दुसऱ्याला संगणक जोडला तरी त्या दोघांमधली चक्रीय देवाणघेवाण संगणकाला दिसत नाही. मिरर केलेल्या पोर्टवर इथरटाइप (फ्रेमचा प्रकार सांगणारा क्रमांक) हेक्स ८८९२ असलेल्या फ्रेम शोधाव्यात. प्रोफिनेटचा चक्रीय डेटा आणि नाव शोधण्याचे संदेश हे दोन्ही त्यात येतात.

पीएलसी म्हणून सीमेन्सचा एस७-१२०० उत्तम. तो नसल्यास कोडेसिसचा संगणकावर चालणारा पीएलसी परवान्याशिवाय एका वेळी दोन तास चालतो आणि प्राथमिक चाचणीला तेवढा पुरतो. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रथम मॉड्यूलची जीएसडीएमएल फाइल (उपकरणाचे वर्णन असलेली फाइल) स्थापित करावी, मग हार्डवेअर कॅटलॉगमधून उपकरण नेटवर्कवर आणून ठेवावे. प्रोफिनेटमध्ये उपकरणाची ओळख त्याच्या नावाने होते आणि आयपी पत्ता त्या नावाच्या आधारे कंट्रोलर देतो. नवीन मॉड्यूलला नाव नसते. प्रोजेक्टमध्ये दिलेले नाव टीआयए पोर्टलमधूनच प्रत्यक्ष मॉड्यूलला द्यावे लागते. नावात लहान इंग्रजी अक्षरे, अंक, जोडरेघ आणि टिंब एवढेच ठेवावे; मोकळी जागा किंवा अधोरेघ चालत नाही.

प्रोग्राम पीएलसीमध्ये उतरवल्यावर मॉड्यूलवरील नेटवर्क स्टेटस दिवा पाहावा. तो स्थिर हिरवा झाला तर जोडणी झाली आहे आणि पीएलसी रन स्थितीत आहे. हिरवा दिवा एकेकदा लुकलुकत असेल तर जोडणी आहे पण पीएलसी थांबलेला आहे. लाल रंगात एकदा लुकलुकणे म्हणजे नावाचा दोष, दोनदा म्हणजे आयपी पत्त्याचा दोष आणि तीनदा म्हणजे पीएलसीला अपेक्षित असलेली मांडणी प्रत्यक्ष मांडणीशी जुळत नाही. नवीन किटवर तिसरा प्रकार वरचेवर दिसतो. होस्टने ज्या क्रमाने आणि ज्या आकाराचा डेटा मांडला आहे, त्याच क्रमाने टीआयए पोर्टलमधील स्लॉटांमध्ये डेटाची मॉड्यूल (कॅटलॉगमधील नोंदी, प्रत्यक्ष मॉड्यूल नव्हे) ठेवलेली नसतात, हे त्याचे नेहमीचे कारण.

आपला डेटा

नमुना प्रोग्राम पीएलसीकडून आलेले मूल्य परत पाठवतो. हा फेरा पूर्ण होताना दिसला की मग आपल्या उपकरणाचा डेटा मांडावा. प्रत्येक राशीला क्रमांक, नाव, प्रकार आणि वाचन-लेखनाचे अधिकार देऊन तिचा तक्ता बनवावा लागतो. कोड लिहिण्यापूर्वी हा तक्ता कागदावर तयार करून पीएलसी प्रोग्राम करणाऱ्या सहकाऱ्याशी बसून तपासावा, असे मी मनापासून सुचवतो. येथे दिशेचा घोटाळा फार होतो : कॉम्पॅक्टकॉमच्या भाषेत होस्टकडून नेटवर्ककडे जाणारा डेटा हा लेखन-डेटा असतो, तर पीएलसीच्या दृष्टीने तोच इनपुट असतो. तक्त्यात ‘लेखन’, ‘वाचन’ असे न लिहिता ‘उपकरणाकडून पीएलसीकडे’ आणि ‘पीएलसीकडून उपकरणाकडे’ असे लिहिल्यास वाद उरत नाही.

बाइटांचा क्रम ही दुसरी नाजूक बाब. प्रोफिनेटवर मोठ्या मूल्याचा बाइट आधी येतो, इथरनेट/आयपी आणि इथरकॅटवर लहान मूल्याचा आधी येतो. होस्टने पाठवलेले १ पीएलसीमध्ये २५६ दिसले तर दुसरे कारण शोधू नये. सध्याच्या नेटवर्कचा क्रम कोणता हे मॉड्यूल होस्टला सांगते आणि ड्रायव्हर त्याप्रमाणे अदलाबदल करू शकतो, मात्र त्यासाठी राशीचा प्रकार खरा द्यावा लागतो. सगळा डेटा बाइटांची एक लांब रांग म्हणून मांडला, तर ड्रायव्हरला काय उलटवायचे ते कळत नाही आणि मॉड्यूल बदलून नेटवर्क बदलण्याचा सगळा फायदा हातातून जातो.

याच बोर्डावर इथरनेट/आयपीचे मॉड्यूल बसवल्यास होस्टचा प्रोग्राम बहुतांशी तसाच राहतो. जीएसडीएमएलऐवजी ईडीएस फाइल लागते, नावाऐवजी आयपी पत्ता महत्त्वाचा ठरतो आणि पीएलसीमध्ये इनपुटसाठी १०० व आउटपुटसाठी १५० हे असेंब्ली क्रमांक (डेटाच्या गटांचे क्रमांक) मूळ स्थितीत वापरले जातात. पीएलसीकडून येणाऱ्या डेटाच्या आधी पीएलसी चालू आहे की थांबलेला हे सांगणारे ४ बाइटांचे रन-आयडल शीर्ष असते. आकार ४ बाइटांनी चुकल्याची तक्रार आली तर तेथे पाहावे.

डेटा दोन्ही दिशांनी नीट वाहू लागल्यावर नेटवर्कची केबल चालू स्थितीत काढून पाहावी, मग पीएलसी स्टॉपमध्ये न्यावा आणि शेवटी होस्टला रीसेट द्यावा. पहिल्या दोन प्रसंगी मॉड्यूल प्रक्रिया सक्रिय अवस्थेतून बाहेर येते, परंतु मोटर थांबवायची, झडप बंद करायची की शेवटचे मूल्य धरून ठेवायचे, हा निर्णय होस्टच्या प्रोग्रामला घ्यावा लागतो. नमुना प्रोग्राममध्ये तो निर्णय नसतो. उपकरणाच्या आउटपुटला खरी मोटर जोडण्यापूर्वी हा भाग लिहून, केबल काढण्याची चाचणी अनेकदा करून घ्यावी.

उत्पादन बाजारात नेण्याच्या दृष्टीने एक काम किटच्या टप्प्यातच सुरू करावे. नमुना प्रोग्राममध्ये उत्पादकाची ओळख एचएमएसची असते. आपल्या नावाने विकायच्या उपकरणाला प्रोफिनेटसाठी पीआय या संघटनेकडून, इथरनेट/आयपीसाठी ओडीव्हीएकडून आणि इथरकॅटसाठी इथरकॅट टेक्नॉलॉजी ग्रुपकडून स्वतःचा उत्पादक क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो होस्टच्या प्रोग्राममध्ये व वर्णन-फाइलमध्ये सारखाच असावा लागतो. मॉड्यूल आधी तपासलेले असले, तरी अंतिम उपकरणाची अनुरूपता चाचणी वेगळी होते. क्रमांकासाठीचा अर्ज पहिला बोर्ड सुरू झाला त्याच आठवड्यात पाठवावा, म्हणजे आपला डेटा तयार होईपर्यंत तो हातात येण्याची शक्यता वाढते.