डी-लेयरमध्ये पीएचडी करायचीय? मग केमिस्ट्रीला घाबरू नका

मी फिजिक्सवाला. जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) निघाली आणि जे गाईड मिळाले त्यांचा विषय हा होता, डी-लेयर म्हणजे आयनोस्फियरचा, वातावरणातल्या विद्युतभारित भागाचा, सगळ्यात खालचा थर, एवढंच, ठरवून वगैरे काही नाही. केमिस्ट्रीला बारावीनंतर हात लावला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, ८० किमीवर दिवसा इलेक्ट्रॉन येतात कुठून? मी म्हटलं, नायट्रोजन-ऑक्सिजनमधून, हवा त्यांचीच की. सर म्हणाले, आयनायझेशन एनर्जी, म्हणजे रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, बघून ये. बघितली तर ऑक्सिजनला १२.०७ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) लागतात, नायट्रोजनला १५.५८, आणि एवढ्या खाली जोरात पोचतो तो सूर्याचा लायमन-अल्फा हा अतिनील किरण, १२१.६ नॅनोमीटर, म्हणजे १०.२ ईव्ही, पुरतच नाही ना! (तोही पोचतो कारण ऑक्सिजनच्या शोषणात नेमकी तिथंच फट आहे.) नायट्रिक ऑक्साईडला मात्र ९.२६ लागतात. कोट्यवधी रेणूंमागे एखादा सापडणारा हा गॅस, पण सूर्य शांत असताना त्या उंचीवर बरंचसं घर तोच चालवतो. बेल्जियन शास्त्रज्ञ मार्सेल निकोले यांनी हे १९४५ मध्येच सुचवलं होतं. फ्लेअर (सूर्यावरचा स्फोट) आला की मग एक्स-रे सगळ्यांनाच फोडतात, ते वेगळं.

पुढचं जास्त किचकट आहे. १९६०च्या दशकात रॉकेटवरून मास स्पेक्ट्रोमीटर (आयनांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) पाठवले तर खालच्या भागात सापडले प्रोटॉनला चिकटलेले पाण्याचे रेणू, आणि हे क्लस्टर इलेक्ट्रॉन फार पटकन गिळतात. म्हणून नुसतं आयनायझेशन वाचून भागत नाही, रिॲक्शनची साखळी वहीत हाताने काढा, मी दोन वह्या भरल्या.

कोडिंग पायथनमध्ये चालतं. पण समीकरणं सोडवायला आरके-फोर ही नेहमीची पद्धत वापरू नका राव, काही रिॲक्शन क्षणात होतात, काहींना दिवस लागतात, अशा वेगांच्या फरकासाठी बनवलेला स्टिफ सॉल्व्हरच घ्या. आणि युनिट! रिॲक्शनचे रेट घन सेंटिमीटरमध्ये, घनता घन मीटरमध्ये, दहा लाख पटीचा घोळ शोधण्यात माझे तीन आठवडे गेले, कुणाला सांगायची पण लाज वाटली.

खरा डेटा हवा तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा एमएफ (मध्यम फ्रिक्वेन्सी) रडार आहे, त्याच्यावरचे पेपर आधी वाचा. आणि रात्री मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं का लागतात हे स्वतः ऐकून बघा, दिवसा डी-लेयर त्या लहरी शोषून घेतो, अंधार पडला की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटतात नाहीतर आयनांशी जुळून संपतात, डी-लेयर विरतो. माझ्या मॉडेलमध्ये ती संध्याकाळ अजून धड होत नाही, सध्या त्यातच अडकलोय.